मारुतीच्या पोटाखाली

आमच्या आणि मामांच्या अंगणामधली भिंत कमरेएवढीच आहे. त्यामुळं त्यांच्याकडं कोणती भाजी झाली ते आम्हाला कळतं आणि आमच्याकडं कोण कुणावर रुसलं ते त्यांना. रविवारी सकाळी मी गाडीशेजारी चटई टाकून, मान वाकडी करून खाली बघत होते, तेवढ्यात भिंतीवर चहाची बशी टेकल्याचा आवाज आला.

"काय हरवलं, ताई?"

"हरवलं काही नाही मामा. ह्यांनी नांदेडहून काळा पेंट आणलाय. गाडीला खालून मारायचा, म्हणजे गंज धरत नाही म्हणे. कुठून सुरू करू ते बघायलेय."

"डबा फोडला का?"

"नाही अजून."

"मग गाडी वाचली," मामा म्हणाले आणि बशीतला चहा संपवूनच पुढचं बोलले.

मामा एस.टी.तून रिटायर झालेले. चिकलठाण्याच्या वर्कशॉपात बसच्या बॉड्या बांधण्यात त्यांची उमर गेली. माणसाशी बोलतानाही ते अधूनमधून त्याच्या पायांकडं बघतात, ती सवय बहुतेक तिथलीच. आमची गाडी त्यांना पाठ आहे. 2008 ची मारुती 800, एमएच 26. मोठ्या शहरांत ही गाडी विकणं कंपनीनं 2010 लाच थांबवलं. आपल्यासारख्या गावांसाठी ती पुढं चार वर्षं निघत राहिली आणि 2014 च्या जानेवारीत तीही बंद झाली. आमच्या गाडीला 2023 मध्ये पंधरा वर्षं झाली, तेव्हा पुन्हा नोंदणी करावी लागली. आधी त्याला 600 रुपये लागायचे, 1 एप्रिल 2022 पासून 5,000 झाले. ह्यांनी कुरकुरत भरले. मामा तेव्हाच म्हणाले होते, "कागद पाच वर्षांचा झाला. पत्र्याला इचारलं का?"

तेवढ्यात मामी कोथिंबीर निवडत भिंतीशी आल्या. पत्र्याचा विषय ऐकताच त्यांचे डोळे चमकले.

"कोपऱ्यावरल्या भाऊजीचं सांगितलं का हिला?"

"कुठलं?"

"आगं बाई! तुला म्हाईतच नाही?"

झालं होतं असं. कोपऱ्यावरच्या भाऊजींनी दोन वर्षांमागं एका वॉशिंग सेंटरवर गाडीला खालून कोटिंग मारून घेतलं. साडेचार हजार मोजले. ऐन श्रावणात. मोबाइलवर फोटो काढून सगळ्या गल्लीला दाखवले, पोट कसं डांबरी रस्त्यासारखं काळंभोर झालंय म्हणून. परवा नांदेडहून येताना आसनेच्या पुलाच्या अलीकडं टायर बसलं. भाऊजींनी जॅक लावला आणि दांडा फिरवायला लागले.

"गाडी वर जाईना," मामी म्हणाल्या, "जॅकच गाडीत जायला!"

दाराखालचा पत्रा पापडासारखा मोडला आणि जॅकचं डोकं थेट आत घुसलं. मागं वहिनी भाचीच्या साखरपुड्याहून यायलेल्या, अंगावर पैठणी, मांडीवर परतीच्या लाडवांचा डबा. उन्हात तासभर उभ्या. शेवटी केळीच्या टेम्पोवाल्यानं चार माणसांना हाताशी घेऊन गाडी उचलली. वहिनी घरी आल्यावर काय म्हणाल्या, तेही मामींना शब्दशः पाठ होतं. ते इथं लिहिण्यासारखं नाही.

"पण मामा, कोटिंग तर केलं होतं की त्यांनी," मी म्हटलं.

"म्हणून तर झालं. त्या सेंटरवाल्यानं पाणी मारलं, वरवर चिखल काढला आन् ओल्यावरच फवारलं. आतला गंज तसाच, आतलं पाणी तसंच. लोखंडाला गंज चढायला दोनच गोष्टी लागत्यात, पाणी आन् हवा. दोन्ही ह्यानं आत कोंडून वरून झाकण लावलं. नुसता उघडा पत्रा ऱ्हायला आसता तर वाळला तरी आसता, आन् डोळ्याला दिसला तरी आसता."

गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून रंगाखाली तो फुगतो. दाराच्या खालच्या कडेला फोड आल्यासारखे दिसतात ना, ते हेच. फोड दिसेपर्यंत आतला पत्रा बहुतेक गेलेला असतो.

मग मामांनी माझी उलटतपासणी सुरू केली.

"पोटॅशची पोती डिकीत टाकून कोण नेतं?"

मी गप्प. आमच्या अर्धापुरात केळी म्हटलं की पोटॅश आलंच. पाण्याला इसापूरचा कालवा आहे, घडाला वजन यायला पोटॅश हवं, आणि टेम्पो सांगण्यापेक्षा घरची गाडी सोपी. पण म्युरेट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड, मिठाचंच भावंड. हवेतला ओलावा ओढतं आणि गंजाचा वेग वाढवतं. पोतं थोडं फाटलं की दाणे डिकीच्या सांदीत जातात. ह्यांचा भाचा कॅनडात आहे, तो सांगतो की तिकडं बर्फ वितळावं म्हणून रस्त्यावर मीठच टाकतात आणि त्यापायी लोक दरवर्षी गाडीला खालून तेल फवारून घेतात. आमच्या रस्त्यावर मीठ नाही, पण मीठ आम्ही स्वतःच डिकीत भरून फिरवतो. वर आपली काळी माती. ती चाकाच्या वरच्या कमानीत एकदा चिकटली की आठ-आठ दिवस ओल सोडत नाही. कापसाला, केळीला हे बरं. पत्र्याला नाही.

मामी म्हणाल्या, "येवढं कामून करायचं? माझा भाऊ जळकं ऑइल मारतो जीपला. फुकटात काम."

"तुझ्या भावाच्या जीपचे रबरी बुश दरसाल कामून बदलावे लागत्यात, ते बी इचार त्याला," मामा म्हणाले. जळक्या ऑइलनं रबर फुगतं, त्यावर धुरळा बसून चिकटा होतो, आणि ठिबकत ठिबकत ते अंगणातून बोअरच्या पाण्याकडं जातं. मामी कोथिंबिरीकडं वळल्या. भावाचा विषय निघाला की त्या घरात हेच करतात.

खरी गंमत पुढं आली. मी विचारलं, पूर्वी हे डबे नव्हते तेव्हा लोखंडाला काय लावायचे? मामा हसले.

"शेंदूर."

मला वाटलं चेष्टा करायलेत. पण नाही. शेंदूर म्हणजे शिशाचा ऑक्साइड. तेलात कालवलेला हाच शेंदूर कितीतरी वर्षं पुलांच्या कैच्यांना, जहाजांना, टाक्यांना गंजाविरुद्ध पहिला हात म्हणून लावत. शिसं विषारी, त्यामुळं आता तो मागं पडला. घरगुती रंगांत तर शिशावर 2016 च्या नियमांनी कडक मर्यादा घातली. मामा म्हणाले, "पारावरच्या मारुतीला आन् पुलाला एकच रंग लागायचा बगा. तुमच्या मारुतीला तेवढा ऱ्हायला." आणि आता सर्रास मारतात तो लाल ऑक्साइडचा प्रायमर? त्यातला लाल रंग म्हणजे लोखंडाचाच ऑक्साइड, गंजाचा सख्खा भाऊ. फरक एवढाच, की हा तेलात घट्ट धरून बसवलेला असतो आणि पुढं पसरत नाही.

गंजावर लावायचं काळं करणारं एक औषधही मिळतं. त्यानं उरलेला गंज काळा होऊन घट्ट बसतो. ते कसं चालतं हे मला मामांनी नाही, मामींनी समजावलं, तेही नकळत. "कच्चं केळ विळीवर चिरलं की विळी काळी होती, तसंच का?" तसंच. केळाच्या चिकात टॅनिन असतं, लोखंडाशी गाठ पडली की काळं पडतं. बाजारातल्या अशा बऱ्याच औषधांत तेच टॅनिन असतं. आमच्या विळीवर हा प्रयोग रोज होतो आणि मी इतकी वर्षं तिला घासून घासून पांढरी करत होते.

चहाचा दुसरा कप झाल्यावर मामा भिंत ओलांडून आले. हातात छोटी हातोडी आणि जुना स्क्रू ड्रायव्हर. आधी त्यांनी गाडीखाली लाकडी ठोकळे सरकवले. "नुसत्या जॅकवर भरवसा ठेवून गाडीखाली जायचं नाही. इटा तर लावायच्याच नाहीत, इटा फुटत्यात." मग ते आडवे झाले आणि हातोडीनं हळूहळू ठोकत निघाले. टण. टण. टण. चांगला पत्रा असाच वाजतो. ड्रायव्हरच्या सीटखाली पोचले आणि आवाज बदलला. भद्द. ओल्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखा. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक टेकवलं, जोर असा केलाच नाही, आणि ते मुठीपर्यंत आत गेलं.

"ताई, आतून चटई उचला."

मी उचलली. रबरी चटईखालचं जाजम ओलं होतं. मे महिन्यात, 42 अंशांत, ओलं! गेल्या पावसाळ्यापासून दाराचं रबर गळायलंय हे आम्हाला ठाऊक होतं. पाणी जातं कुठं, हे कुणी विचारलं नव्हतं. जाजम बाजूला सारलं, तर स्क्रू ड्रायव्हरचं टोक वर आलेलं, आणि त्याच्याभोवती रुपयाएवढ्या भोकातून अंगणातली फरशी दिसत होती. गंज खालून नव्हे, आतून खात होता. खालून कितीही काळं फासलं असतं तरी त्याला खबरही लागली नसती.

ह्यांना बोलावून दाखवलं. ह्यांनी आधी भोकाकडं, मग डब्याकडं, मग माझ्याकडं बघितलं आणि "चहा आहे का?" एवढंच विचारलं.

आता बेत असा ठरलाय. सीट आणि जाजम काढून दोन दिवस उन्हात. खालचा सगळा चिखल प्रेशरच्या पाण्यानं धुवायचा आणि गाडी पुरी वाळू द्यायची. भोकाला नवा पत्रा वेल्डिंग करून लावायचा, त्याआधी बॅटरीच्या वायरी सोडायच्या आणि पेट्रोलच्या टाकीजवळ ठिणगी जाऊ द्यायची नाही. मग तारेचा ब्रश, चमक दिसेपर्यंत. मग सांदीत उरलेल्या गंजावर औषध, मग प्रायमर, आणि सगळ्यात शेवटी तो काळा पेंट, एक जाड हात नाही, दोन पातळ. सायलेन्सर, ब्रेक आणि ॲक्सलच्या रबरी टोप्या कागदानं झाकायच्या. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. ती बुजली की दार म्हणजे हौद. चार दिवसांच्या कामात पेंटाचा वाटा अर्धा दिवस.

मृगाच्या आत उरकायचं आहे. तारेचा ब्रश आमच्याकडं एकच आहे आणि त्याचे अर्धे दात पडलेत. गल्लीत कुणाकडं दुसरा असेल तर शनिवारपर्यंत भिंतीवर ठेवून जा.