उजेड नऊ वॅटचा, बिल तेवढंच

केंद्र सरकारच्या हिशेबानं एलईडी बल्बमुळे देशातल्या लोकांचे वीजबिलात वर्षाला एकोणीस हजार कोटींच्या वर रुपये वाचतात. रक्कम डोळे दिपवणारी असल्यानं मी ती १४० कोटी जनतेत सारखी वाटून पाहिली. माणशी वर्षाला १३६ रुपये आले. आमच्या घरात खाणारी तोंडं पाच. म्हणजे महिन्याला ५७ रुपये आमच्या हक्काचे. हे ५७ रुपये मी हल्ली शोधत असतो. बिलात दिसत नाहीत, खिशात सापडत नाहीत, आणि सौभाग्यवतींनी डाळीच्या डब्यात टाकले असतील तर त्या कबूल करत नाहीत.

हे बल्ब स्वस्तात वाटणारी उजाला योजना सुरू झाली ५ जानेवारी २०१५ला. त्याच्या आदल्या वर्षी सरकार जो बल्ब ३१० रुपयांना घेत होतं, तो २०१६ साली ३८ रुपयांवर आला. देशभरात ३६ कोटींहून जास्त बल्ब वाटून झाले. पुढं २०२१ मध्ये ग्राम उजाला आली: जुना पिवळा बल्ब द्या, दहा रुपये द्या, एलईडी घ्या. पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातून त्यासाठी नाव लागलं नागपूरचं. आमच्या जवळा बाजारला कुणी विचारलं नाही. मराठवाड्याच्या अनुशेषात आणखी एका बल्बाची नोंद व्हावी, एवढंच म्हणतो.

आता बचत होते की नाही, हा वाद आमच्याकडे मार्केट यार्डातच मिटतो. तिथले एक अडते काका सोयाबीनच्या पट्टीच्या पाठीवर कसलाही हिशेब करून देतात. साठ वॅटचा पिवळा बल्ब रोज पाच तास जाळला तर महिन्याला नऊ युनिट. नऊ वॅटचा एलईडी तेवढाच जाळला तर १.३५ युनिट. फरक साडेसात युनिटांच्या थोडा वर. सहाच्या आसपास दर धरला तर एका बल्बामागं महिन्याला ४५ रुपये. शंभराचा बल्ब अडीच महिन्यांत फिटला. "सोयाबीननं एवढ्या लवकर कदी पैशे दिलेत का?" असं विचारून काकांनी पट्टी घडी करून खिशात घातली. हिशेब बरोबर आहे. त्यात खोट काढायला मी दोन दिवस मरमर केली, जमलं नाही.

उलट हिशेब आणखी गोड होतो. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांनंतर दर जवळजवळ दुपटीवर उडी मारतो. वाचणारी युनिटं नेहमी वरची, म्हणजे महागातली असतात. ज्याचं मीटर दर महिन्याला शंभरावर घोटाळतं, त्यानं दोन पिवळे बल्ब काढले तर त्याला फायदा चांगला ठसठशीत होतो. पण ज्यानं आधीच पंधरा वॅटचा सीएफएल लावलाय, त्याला एलईडीनं महिन्याला एक युनिटसुद्धा वाचत नाही. पाचेक रुपयांत काय येतं ते आमच्या चहावाल्याला विचारा.

खरा चोर निघाला देवघरात. झिरोचा बल्ब! लाल, रात्रभर जळणारा, शून्याच्या नावावर खपणारा. जुन्या चकतीच्या मीटरला त्याची ओढ जाणवत नसे म्हणून तो झिरो, असं सांगतात. प्रत्यक्षात तो बारा-पंधरा वॅट ओढतो आणि आताचं मीटर त्याला सोडत नाही. (आमच्याकडं परभणीच्या वाटेवर झिरो फाटा आहे, तिथंही कायम गर्दीच असते.) रात्रीचे दहा तास धरले तर महिन्याला साडेचार युनिट. म्हणजे बैठकीत रुबाबात जळणाऱ्या एलईडीच्या तिप्पट वीज तो देवाच्या नावावर एका कोपऱ्यात बसून खातो. त्याच्या जागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावावा, असा ठराव मी घरात मांडला. आईनं एवढंच विचारलं, "देवाच्या उजेडात कंजुशी करायलास का?" ठराव बारगळला.

त्यात भर म्हणजे आमच्या घरात पूर्वी चार बल्ब होते, आज चौदा आहेत. वाचतंय ना, मग लाव अजून एक! ओट्यावर एक, न्हाणीत एक, गोठ्यात दोन, पायऱ्यांखाली एक, आणि एक अंगणातल्या लिंबावर, लिंबाला अंधाराची भीती वाटू नये म्हणून. छतात पीओपी केलं त्यात निळी पट्टी फिरवली. ती कशासाठी, ते पीओपीवाल्यालाही सांगता आलं नाही. विल्यम जेव्हन्स नावाच्या इंग्रजानं १८६५ साली कोळशाबद्दल हेच लिहून ठेवलं: यंत्रं काटकसरी झाली की कोळसा कमी लागत नाही, जास्त जळतो. त्यानं आमच्याकडचा गणपती पाहिला नव्हता. एक मंडळ रोषणाईची एक माळ लावतं, समोरचं दोन लावतं, आणि दोघंही सांगतात की सगळं एलईडी आहे, वीज काहीच लागत नाही.

आमच्या शेजारच्या येलदरी धरणावरचं वीजघर साडेबावीस मेगावॅटचं. तेवढ्या विजेवर साठ वॅटचे पावणेचार लाख बल्ब लागतील, आणि नऊ वॅटचे पंचवीस लाख. आमच्या हिंगोली जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत पावणेबारा लाख होती. माणशी दोन बल्ब वाटूनही वर उरतील. ते उरलेले कुठं लावायचे, याची चिंता नको. आमच्या लोकांना जागा सापडते.

आता आयुष्याचं बोलू. खोक्यावर २५,००० तास छापलेलं असतं. रोज पाच तास म्हणजे पावणेचौदा वर्षं. रामाचा वनवास संपत आला तरी बल्ब चालू. बाजारात गाडीवर "शंभरला तीन" ओरडत विकतात त्या बल्बांना मात्र एवढा वनवास सोसत नाही. ते दुसऱ्या पावसाळ्यातच डोळे मिचकवायला लागतात. मग स्टँडच्या बाजूला एक दुरुस्तीवाला पोरगा बसतो, त्याच्याकडं जायचं. तो पांढरी टोपी पिळून काढतो. आत गोल चकतीवर पिवळे चौकोनी ठिपके ओळीनं बसवलेले. त्यातल्या एकावर काळा डाग. सगळे एकामागं एक जोडलेले, त्यामुळं एक भाऊ रुसला की अख्ख्या वाड्याची चूल बंद. पोरगा त्या डागावर शिशाचा थेंब सोडतो, मेलेल्याला वगळून बाकीच्यांची गाठ मारून देतो. बल्ब पेटतो. "वीस रुपये. ग्यारंटी नाही भाऊ. आता बाकीच्यावर लोड येतंय, दुसरा जाईल." महिन्याभरात दुसरा जातो. आणखी वीस. दोन थेंबांत नवा बल्ब आला असता, हा हिशेब अडते काकांनी पट्टीवर केला नव्हता.

बल्ब टिकू नये याची काळजी माणूस जुन्या काळापासून घेतोय म्हणा. १९२४ साली जिनिव्हात मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र बसल्या आणि त्यांनी ठरवलं की कुणाचाही बल्ब हजार तासांपलीकडं जळता कामा नये. ज्याचा जास्त जळेल त्याला दंड. मी ही गोष्ट यार्डात सांगितली तेव्हा कुणाची भुवई हलली नाही. चार व्यापारी एकत्र बसून भाव ठरवतात, यात जिनिव्हाचं काय कौतुक?

राहिलं बिल. बिलाच्या कागदावर सगळ्यात वर असतो स्थिर आकार. दिवे लावा, नाहीतर अंधारात बसा, तो तुम्हाला सोडत नाही. मग वीज आकार, त्याच्यामागं वहन आकार, अधूनमधून इंधन समायोजन आकार, आणि या सगळ्यांच्या बेरजेवर सोळा टक्के वीज शुल्क. या आकारांच्या गर्दीत बल्ब बिचारा कुठं बसतो? जुना पंखा पंचाहत्तर वॅटचा. रोज पंधरा तास फिरला तर महिन्याला पावणेचौतीस युनिट. बादलीत सोडायचा दीड हजार वॅटचा रॉड रोज अर्धा तास ठेवला तर साडेबावीस. म्हणजे साठ वॅटचे तीन बल्ब बदलून जे कमवावं, ते थोरल्याच्या अंघोळीत वाहून जातं. थोरला मात्र बैठकीतून उठताना बल्ब न चुकता बंद करतो, आणि बापाकडं असं बघतो की धरणं त्याच्यामुळंच भरलीत.

शेतात तर निराळाच न्याय. २०२४पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपाला वीज मोफत आहे. लाईट आली की स्टार्टरचा ऑटो आपोआप मोटर ओढतो, मालक घरी झोपलेला. पाच अश्वशक्तीची मोटर तासभर चालली की जेवढी वीज जाते, तेवढ्यात नऊ वॅटचा बल्ब रोज पाच तास पावणेतीन महिने जळतो.

आणि तारेवरचे आकडेवाले? त्यांना एलईडी कुणी विकून दाखवावा. पलीकडच्या वस्तीवर एकाकडं अजून दोनशे वॅटचा पिवळा बल्ब अंगणात धगधगतो. कोंबड्यांनाही तिथं रात्र कळत नाही. मी त्याला म्हणालो, "एलईडी लाव की, वाचतंय."

"किती वाचल?"

मी बोटं मोजली. आकड्यावर हिशेब शून्यच येत होता. त्यानं मला बसायला बाज ओढली, पाणी दिलं, आणि वरच्या बल्बाकडं बघत म्हणाला, "त्ये ऱ्हाऊ द्या भाऊ. सांजच्याला होल्टेज लैच कमी येतंय. त्याची तक्रार कुठं करावं लागती?"