शिंप्याने बेतलेली मांजर

मॉरिस हिर्शफील्ड यांच्या चित्रातल्या मांजरीने अख्खा सोफा अडवला आहे. आल्या-गेल्याने बसायचं कुठे, हा प्रश्न तिला पडलेला नाही आणि चित्रकारालाही नाही. 'अंगोरा मांजर' नावाचं हे चित्र न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये आहे. १९३७ साली हाती घेतलं, ते पुरं व्हायला १९३९ उजाडलं. एका मांजरीला दोन वर्षं! अर्थात तेवढा वेळ मांजरीने सहज झोपून काढला असता.

हिर्शफील्ड पोलंडमधून अमेरिकेत आलेले. कपडे आणि मग घरात घालायच्या सपाता, या धंद्यात न्यूयॉर्कमध्ये हयात गेली. तब्येतीने दगा दिला तेव्हा धंदा आवरला आणि पासष्टीत त्यांनी ब्रश धरला. (आपल्याकडे या वयात माणूस सोसायटीचा सेक्रेटरी होतो.) चित्रकला कुणी शिकवलेली नाही, पण हात कात्रीला सरावलेला. त्यामुळे मांजर काढलेली कमी, बेतलेली जास्त वाटते. केस न् केस टाक्यासारखा ओळीत, आणि काठ असा की कुठे उसवेल म्हणून भीती नको.

१९४३ साली याच म्युझियमने त्यांचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं आणि समीक्षक फिस्कारले. 'दोन डाव्या पायांचे उस्ताद' अशी पदवीही मिळाली, कारण त्यांच्या चित्रांतल्या बायकांचे दोन्ही पाय डावेच. तेही सपाता विकून संसार केलेल्या माणसाच्या हातून! म्युझियमचे संचालक आल्फ्रेड बार यांची खुर्ची त्याच वर्षी गेली, आणि विश्वस्तांच्या नाराजीत या प्रदर्शनाचाही वाटा होता. मांजर आडवी जाते म्हणतात, ती अशी.

प्रमाण चुकलंय, असं हे चित्र बघून कुणीही म्हणेल. कुणीही म्हणजे ज्याच्या घरी मांजर नाही तो. आमची मांजर वजनाला जेमतेम चार किलो, सोफा तिघांचा. ती त्यावर पसरली की तिसरा सोडा, दुसरा माणूससुद्धा मावत नाही. कलाशाळेत शिकलेले लोक तिला मापात काढतील आणि कोपऱ्यात बसवतील. कोपऱ्यात बसते ती मांजर कसली?

परवा सासऱ्यांनी तिला "जरा सरकतेस का, बाई?" असं रीतसर विचारलं. तिने एक डोळा उघडला. सासरे पेपर घेऊन बाल्कनीत गेले.