सबब नामंजूर

सहकार खात्यात उभी हयात लेखापरीक्षणात घालवून जो गृहस्थ रत्नागिरीत निवृत्त होतो, त्याची नोकरी संपते. तपासणी संपत नाही. सोसायट्यांच्या कीर्दी, खतावण्या आणि ताळेबंद यांच्यावर ज्या दृष्टीने त्याने वर्षानुवर्षे हिरव्या शाईच्या खुणा केल्या, ती दृष्टी घरी आल्यावर काही दिवस वाणसामानाच्या यादीवर आणि दूधवाल्याच्या खाड्यांवर कसाबसा निर्वाह करते. पण तिच्या योग्यतेचे खाद्य अखेर तिला मिळते ते मोबाइलमध्ये. पुतण्याने पसंत केलेले हिशेबाचे सॉफ्टवेअर, शेजाऱ्याच्या जावयाने सुचवलेला घरबसल्या उत्पन्नाचा मार्ग, कोणा विहिणीने पाठवलेली दामदुपटीची चिठ्ठी, अशी नाना प्रकरणे त्याच्या पडवीत दाखल होऊ लागतात, आणि मारुती मंदिरापासून गोखले नाक्यापर्यंतच्या मुलखात तो तपासनीस या पदावर बिनपगारी रुजू होतो. असा एक तपासनीस शहराच्या प्रत्येक आळीत असतो. नसलाच, तर त्या आळीतील लोकांनी नुकतेच कशात तरी पैसे घातलेले असतात.

त्याचा संशय खात्याने दिलेला असावा असा लोकांचा समज आहे, परंतु तो खरा वडिलोपार्जित आहे. ज्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या हापूसच्या पेट्या आधी क्रॉफर्ड मार्केटला आणि पुढे वाशीला रवाना केल्या, आणि दलालाकडून आलेल्या पट्टीत भाडे, हमाली, तोलाई, वाराई ही कलमे वजा जाता खाली काय उरले ते चष्मा पुसून पुन:पुन्हा वाचले, त्या घराण्यातील मुलाला अविश्वासाचे वेगळे शिक्षण द्यावे लागत नाही. त्यात भर जिल्ह्याच्या इतिहासाची. १९९० नंतर सागवानाच्या योजनांच्या जाहिराती आल्या. आज रोप घ्या आणि विसाव्या वर्षी लक्षाधीश व्हा, असा त्यांचा एकंदर मजकूर. सेबीने अशा सामूहिक गुंतवणुकीच्या योजनांसाठी १९९९ मध्ये नियम केले, तोवर कित्येकांच्या सागवानाचे फक्त प्रमाणपत्रच वाढीस लागले होते. मग एन्‌रॉन. दाभोळ वीज प्रकल्प या नावाने ते प्रकरण जगभर गाजले. पण दाभोळ गाव वाशिष्ठीच्या खाडीच्या उत्तरेस, दापोली तालुक्यात, आणि प्रकल्प दक्षिणेस, गुहागर तालुक्यातील अंजनवेल-वेलदूरला. ‘ज्यांच्या मथळ्यातच गाव चुकले, त्यांच्या आकड्यांत काय बघायचे?’ हा शेरा आपण आरंभीच मारून ठेवला होता असे तपासनीस आता सांगतो. २००१ मध्ये आधी तेथील वीजनिर्मिती थांबली आणि डिसेंबरात खुद्द मूळ अमेरिकन कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हापासून त्या शेऱ्याला सरकारी ठरावाचे वजन आले आहे.

त्याची तपासणीची पद्धत पाहण्यासारखी असते. ‘काका, जरा बघता का हे?’ म्हणून कोणी मोबाइल पुढे केला, की तो मोबाइलकडे पाहतसुद्धा नाही. ‘कागद कुठाय?’ हा त्याचा पहिला प्रश्न. कागद नसतोच, मग तो स्वत:च पाठकोरा कागद घेऊन मध्यभागी रेघ मारतो आणि डाव्या बाजूस लिहितो, ‘पैसा येतो कोठून?’ सर्व योजना या एका कलमावर अडतात. २०११ साली ‘स्पीक एशिया’ नावाच्या कंपनीचा डंका वाजत होता, अकरा हजार रुपये भरून घरबसल्या प्रश्नावल्या भरा आणि पैसे मिळवा असे ठिकठिकाणच्या सभांत सांगितले जात होते, तेव्हा याने एवढेच विचारले होते की, ‘तुमची उत्तरे विकत घेतो कोण?’ ज्यांना प्रश्न विचारला ते रागावून गेले. त्याच वर्षी प्रकरण मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे गेले, आणि रागावून गेलेले लोक परत येऊन पडवीच्या पायरीवर बसले.

सभासदांच्या साखळीची योजना आली म्हणजे मात्र त्याच्या प्रतिभेला बहर येतो. एकाने सहा जण आणायचे, त्या सहांनी प्रत्येकी सहा, असे योजनेचा प्रचारक उत्साहाने सांगत असतो आणि तपासनीस शांतपणे गुणाकार करीत असतो. आठव्या ओळीपाशी तो थांबतो. आठव्या ओळीत १६,७९,६१६ माणसे लागतात. आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्याची एकूण लोकसंख्या आहे १६,१५,०६९. ‘तुम्ही एक जनगणना आधी यायला हवे होते,’ तो प्रचारकाला खऱ्याखुऱ्या सहानुभूतीने म्हणतो. कारण २००१ साली जिल्ह्यात १६,९६,७७७ माणसे होती. पाळण्यातल्या मुलांसह सगळा जिल्हा आठव्या ओळीत उभा केला असता तरी वर सतरा हजार माणसे शिल्लक उरली असती. पहिल्या सात ओळींतील ३,३५,९२२ सभासदांपैकी बाकीचे मग सिंधुदुर्गातून आणावे लागले असते. सिंधुदुर्गकर त्याला आनंदाने तयार झाले असते, यात शंका नाही. रत्नागिरीकर सिंधुदुर्गकराच्या खालच्या ओळीत उभा राहिला असता की नाही, हा प्रश्न गणिताच्या बाहेरचा आहे. हे सर्व झाल्यावर अशा योजनांवरील १९७८ च्या बंदीच्या कायद्याचा उल्लेख येतो. तोवर प्रचारक बहुधा फाटकाबाहेर गेलेला असतो.

इंटरनेटच्या दुकानांना तो हीच दप्तरी रीत लावतो. कंपनी स्वत:ला अंधेरीची म्हणवते आणि तिच्या पंधरा स्थानांच्या जीएसटी क्रमांकाचे पहिले दोन अंक मात्र महाराष्ट्राचे २७ नसून कर्नाटकाचे २९ निघतात, तेव्हा अंधेरी कर्नाटकात गेल्याची नोंद सीमाप्रश्नाच्या कागदपत्रांत तरी आपल्या पाहण्यात नाही, असे तो गंभीरपणे नमूद करतो. दहा वर्षांची विश्वसनीय परंपरा सांगणाऱ्या संकेतस्थळाचे नाव गेल्या गणेशचतुर्थीनंतर नोंदवलेले असते, हेही तो शोधून काढतो. ‘सवलत संपण्यास दहा मिनिटे शिल्लक’ असे घड्याळ पडद्यावर धावू लागले, की सामान्य माणसाच्या काळजाचे ठोके त्याच्याबरोबर पडू लागतात. हा गृहस्थ उठतो, आंघोळ करतो, पूजा आटोपतो, दोन घावने चटणीबरोबर सावकाश खातो आणि येऊन ते पान नव्याने उघडतो, तो घड्याळात दहाच्या दहा मिनिटे शाबूत. ‘मुदत पाळली जात नाही, सबब घड्याळ नामंजूर.’ केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नोव्हेंबरात ज्या तेरा फसव्या क्लृप्त्यांना मनाई केली, त्यांत खोटी निकड पहिल्या क्रमांकावर आहे, हे वाचून त्याला जो आनंद झाला, तो निवृत्तिवेतन वाढल्यावरही झाला नव्हता, असे घरातील मंडळी सांगतात.

सॉफ्टवेअरच्या बाबतीत त्याच्या अटी अधिक कडक. नवे सॉफ्टवेअर उघडताच तो पहिला शब्द टंकतो ‘सुपाऱ्या’. त्यातील अर्धा र मोडून शब्द ‘सुपार्या’ उमटला, की जे सॉफ्टवेअर कोकणातील माल लिहू शकत नाही ते त्याचा हिशेब काय ठेवणार, म्हणून परीक्षा तेथेच बरखास्त होते. युनिकोड येण्यापूर्वी एका यंत्रावर मराठीत लिहिलेला अहवाल दुसऱ्या यंत्रावर उघडावा आणि त्या जागी अगम्य चिन्हांची रांग निघावी, असे दिवस त्याच्या पिढीने पाहिले आहेत; त्यामुळे त्याचा दुसरा प्रश्न असतो, ‘माझा हिशेब यातून बाहेर कसा काढायचा?’ विक्रेते आत घालण्याचे कौशल्य शिकून आलेले असतात. बाहेर काढण्याचा प्रश्न त्यांना अपशकुनासारखा वाटतो. ‘आजीवन सेवा’ असे शब्द आले, तर आजीवन म्हणजे ग्राहकाच्या की कंपनीच्या, याचा लेखी खुलासा तो मागतो, आणि गूगलसारख्या धनाढ्य घरातही ऑर्कुट २०१४ मध्ये आणि पिकासा २०१६ मध्ये निवर्तले याचा दाखला देतो. आजीवन म्हणजे कोणाच्या, हा त्याचा प्रश्न मला तरी कोणत्याही परीक्षणापेक्षा शहाणपणाचा वाटतो. फुकट वापराच्या महिन्यासाठी आधी बँकेच्या कार्डाचा क्रमांक मागणाऱ्या सॉफ्टवेअरविषयी तो जे बोलतो, ते दप्तरी भाषेत नसल्यामुळे येथे देता येत नाही.

अर्थात या काटेकोरपणाची झळ प्रामाणिक माणसालाही पोचते. त्याच्याच पुतण्याने हापूस थेट ग्राहकाला विकण्यासाठी एक साधेसे संकेतस्थळ केले आणि फाल्गुनात ते काकांना दाखवले. हरकती निघू लागल्या. पेटी पाच डझनी की सहा डझनी, हे लिहिलेले नाही. आंबा वाटेत पिकला तर तोटा कोणाचा, याची तरतूद नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले खरे, पण त्या नावाचा अधिकृत वापरकर्ता म्हणून तुझी नोंद झाली आहे काय? पैसे परत करण्याच्या अटींत एक ‘परंतु’ कमी आहे. पुतण्या दुरुस्त्या करीत गेला, काका फेरतपासणी करीत गेले, चैत्र गेला, वैशाख गेला, आणि संकेतस्थळ सर्वथैव निर्दोष असल्याचा शेरा ज्या दिवशी मिळाला, त्या दिवशी मृगाचा पाऊस पडत होता. आंबा केव्हाच वाशीला गेला होता. पट्टी आली तेव्हा काकांनी तिच्या बेरजेत चूक काढून दिली, एवढाच त्या हंगामातील नफा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय हे चित्र पुरे होणार नाही. या गृहस्थाची पत्नी आळीतल्या बायकांची भिशी चालवते. तिला नोंदणी नाही, घटना नाही, १९८२ च्या चिट फंड कायद्याचे नाव त्या मंडळात कोणी ऐकलेले नाही; हिशेब एका जुन्या दिनदर्शिकेच्या पाठीमागे. तपासनीसाने ती कधीच नामंजूर केली आहे. परंतु ती अनेक वर्षांत एकदाही बुडालेली नाही, आणि पावसापूर्वी कौले चाळण्यासाठी पैसे कमी पडले म्हणजे तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून, कोणताही कागद न मागता, ‘या महिन्याची उचल कोणाची आहे?’ असे विचारतो.

वाचकांच्या गावी असा गृहस्थ असेल, तर पैसे भरण्यापूर्वी त्याच्याकडे जरूर जावे. वेळ लागेल, चहा मिळेल, आणि बहुतेक वेळा मुद्दल वाचेल. मात्र पैसे आधीच गेले असतील, तर प्रथम १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा आणि मगच त्याची पडवी गाठावी. अशा प्रसंगी जितक्या लवकर तक्रार होईल, तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक, आणि याची तर प्रस्तावनाच पाऊण तासाची असते.