हातोड्याखालची लक्ष्मी

लक्ष्मी चंचल असते हे चारचौघं ऐकून जाणतात. लिलावात जुनी चित्रं घेणारा माणूस ते पावतीसकट जाणतो. कमळावर उभी, शेजारी सोंडेत हार धरलेला हत्ती, अशी रविवर्मा छापखान्याची लक्ष्मी घरात आणायची, तर बँकेतली लक्ष्मी त्याच दाराने बाहेर पडते. हातोडा पडला की संपलं, असंही नाही. बोलीच्या रकमेवर लिलावगृहाचं कमिशन, त्यावर जीएसटी. "अहो, देवीलासुद्धा जीएसटी?" असं सौ.ने विचारलं, तेव्हा मी पावती घडी करून खिशात टाकली.

वास्तविक राजवाड्यातली देवता साध्या माणसाच्या भिंतीवर यावी, यासाठीच राजा रविवर्म्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला. यंत्रं जर्मनीची, तंत्रज्ञही तिकडचे. रंगागणिक वेगळा दगड आणि प्रत्येक दगडावरून तोच कागद पुन्हा जायचा. पुढे बिऱ्हाड मळवलीला हललं, कर्ज साचलं आणि छापखाना श्लायशर नावाच्या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. घरोघर लक्ष्मी पोचवणाऱ्याच्या घरीच ती थांबली नाही, तिथे माझ्या पेन्शनीची काय कथा!

एवढं भारंभार छापलेलं चित्र दुर्मीळ कसं झालं? त्याचं श्रेय आपल्या आज्या-पणज्यांना. त्यांनी रोज कुंकू लावलं, उदबत्तीचा धूर दिला, निरांजनाची काजळी चढवली. फ्रेमवाल्याने चौकटीत बसावं म्हणून छापखान्याचं नाव असलेली कडच कापली. उरलेलं कसरीने आणि पावसाळी ओलीने संपवलं. म्हणजे लिलावात जी कोरी करकरीत प्रत येते, ती बहुधा कमालीच्या नास्तिक घरातली! जिच्यापुढे कोणी हात जोडले नाहीत, तिच्यासाठी आम्ही हात वर करतो. अपवाद एकच: एखाद्या हौशी बाईने सरस्वतीला जर आणि टिकल्या लावून खरंखुरं लुगडं नेसवलं असेल, तर मात्र संग्राहकांच्या तोंडाला पाणी सुटतं.

जुन्या कागदांचं शास्त्र आणखी निराळं. मोडी वाचता येणारे थोडे, त्यामुळे न वाचलेला प्रत्येक कागद थेट पेशव्यांच्या हातचा असतो. माझ्या एका स्नेह्यांकडे असा एक कागद आहे. पाहुण्यांना दाखवताना ते कधी त्यात पानिपताची बातमी आणतात, कधी नाना फडणीसांचा गुप्त हुकूम. परवा एक मोडीचे जाणकार आले, चष्मा पुसला आणि म्हणाले, "वाचू का?" स्नेही चपळाईने म्हणाले, "आधी चहा घ्या." चहानंतर कपाटाची किल्लीच सापडेना.

आमची लक्ष्मी मात्र भिंतीवर चढली. मी भिंतीची ओल तपासली, उन्हाची तिरीप कुठवर येते ते पाहिलं. मागे वळतो तो सौ. कुंकवाची कोयरी घेऊन उभी. मी आडवा झालो; एका बोटाने किंमत किती उतरेल, हे आकड्यांत सांगितलं. तिने शांतपणे काचेवर कुंकू टेकवलं आणि म्हणाली, "उतरू दे की. आपल्याला काय विकायची आहे?"

तसं पाहिलं तर पुढच्या महिन्याच्या लिलावातल्या सरस्वतीसाठी तोच तर माझा बेत होता.