तक्रारीचा ट

मराठी माणूस तक्रारखोर आहे हा आरोप जुना आहे, पण त्यात आरोपी चुकला आहे. तक्रार माणसात कमी आणि भाषेत जास्त आहे, आणि भाषेतही ती शब्दाच्या शेवटच्या अक्षरात दबा धरून बसलेली असते. तेल चांगले, तेलकट वाईट. गूळ शुभ, गुळचट बोलणे संशयास्पद. पाण्याला आपण जीवन म्हणतो, आणि पाणचट म्हणतो ते मेलेल्या विनोदाला. पोर लाडके, पोरकट नकोसे. ‘बावळा’ म्हणताना आवाजात थोडी माया तरी असते. ‘बावळट’मध्ये तिचा थेंबही उरत नाही. शेळीने कुणाचे काय वाकडे केले होते? तरी शेळपट. संस्कृतातला ‘उद्धत’ आपल्याकडे आला तेव्हा आधीच पुरेसा आगाऊ होता, पण मराठीचे समाधान झाले नाही. तिने त्याचा त काढून ट बसवला आणि मगच त्याला उद्धट म्हणून घरात घेतले. कोंदट, कुबट, कळकट, खवट, बुरसट, लोचट, पुळचट ही त्याचीच भावंडे. शब्दकोश पहिल्या अक्षरावरून लावतात, म्हणून मोल्सवर्थच्या 1831च्या कोशापासून आजवर ती वेगवेगळ्या पानांवर विखुरलेली राहिली आणि त्यांचे गोत्र एक आहे हे चारचौघांत उघड झाले नाही.

सर्वांत भक्कम पुरावा जिभेवर आहे. षड्रसांपैकी आंबट, खारट, तिखट आणि तुरट हे चार सरळ ट-कारान्त. उरले गोड आणि कडू. पण गोडाचा अतिरेक झाला की गुळचट होते आणि कडू रेंगाळले की कडवट. म्हणजे सहाच्या सहा रस शेवटी त्याच अक्षराच्या दारात. (आयुर्वेदात मिरी ‘कटु’ आणि कडुनिंब ‘तिक्त’. त्या कटुचे मराठीत कडू झाले आणि तो कडुनिंबाला जाऊन चिकटला. पण ते भांडण वैद्यांचे.) आमटीत मीठ बेताचे असले तर जेवणारा अवाक्षर काढत नाही, बोलायची वेळ येते ती खारट झाल्यावरच. कोल्हापूरकर म्हणतील, तिखट ही आमच्याकडे तक्रार नव्हे. खरे आहे. तिथे तक्रार ते पुरेसे तिखट नसल्याची असते.

दुकानदारांना हे सारे न शिकता कळते. साडी ‘पिवळसर’ असते, ‘पिवळट’ असतो तो काविळीचा चेहरा. दोघांचा रंग कदाचित एकच असेल, पण ‘सर’ लावले की माल खपतो. साबणाच्या जाहिरातीत मात्र त्वचा ‘तेलकट’च लागते, कारण तिथे आधी गिऱ्हाइकाला घाबरवायचे असते.

व्याकरणकार म्हणतील की हा एक प्रत्यय नाहीच. ट, कट, पट, चट, वट यांना एका दावणीला बांधता येणार नाही, आणि गडगडाट, किलबिलाट यांतला ‘आट’ तर निराळाच. मान्य. पण नाक मुरडणारा माणूस व्युत्पत्ती पाहून मुरडत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: बळकट आणि दणकट ही तर स्तुती! ती कधी होते ते पाहावे. ‘चांगला दणकट दिसतोस’ असे म्हणणारा पुढच्याच वाक्यात 14.2 किलो गॅसने भरलेला सिलिंडर तिसऱ्या मजल्यावर न्यायला सांगतो. चिवट झुंजीचे वर्तमानपत्रांत कौतुक होते, पण ती बहुधा हरलेल्या संघाची असते. जिंकणाऱ्याला ‘दणदणीत’ मिळते. आणि तोच ‘चिवट’ पाहुण्याने मटणाला लावून पाहावा!

राहिला ‘फुकट’. याने मात्र काही काळ माझा सिद्धान्त डळमळवला, कारण या शब्दाने मराठी चेहरा खुलतो हे नाकारता येत नाही. पण मेहनतही फुकटच जाते, सल्लेही फुकटचेच मिळतात, तेव्हा त्यालाही निर्दोष सोडता येत नाही. कुणाला तक्रारीचा डाग नसलेला एखादा अस्सल मराठी ट सापडला तर जरूर कळवावे. ‘उत्कृष्ट’ मात्र पाठवू नये. तो संस्कृतचा आहे, आणि येताना निकृष्टालाही बरोबर घेऊन आला आहे.