पाहिजे: स्टॉपर. गुडघ्याची अट नाही

गेल्या पंधरवड्यापासून मुकुटबनच्या पानठेल्यावर कापसाचा भाव मागे पडला आहे आणि एका स्टॉपरचा गुडघा पुढे आला आहे. गावच्या फुटबॉल टीमला स्टॉपर पाहिजे. ‘आता बस झालं’ म्हणत शाल-श्रीफळ घेऊन निवृत्त झालेला जुना स्टॉपर ‘बोलावलं तर येतो’ म्हणतो आहे. बोलवावं की नाही यावर गावात उभे दोन तट पडले आहेत. शाल परत मागायची का, यावर विचार करणारा तिसरा तट वेगळा.

विरोधकांचं म्हणणं साधं आहे. माणूस ४१ वर्षांचा. मॅच चारची असली तर हा तीनलाच येऊन बांधावर बसतो. आधी आयोडेक्स, मग क्रेप बँडेज, मग त्यावर नी-कॅप. बँडेजची पिन दर वेळी स्वतःच्याच बोटात टोचून घेतो आणि शिवी रेफरीला देतो. रेफरी तोवर आलेलाही नसतो.

समर्थकांचं म्हणणं याहून साधं. “अनुभव हाय नं बाप्पा त्याले!” अनुभव आहे हे खरंच. आपल्याच्यानं पळणं होणार नाही, हे त्याला बॉल सुटायच्या आधी कळतं.

मैदानाचाही मुद्दा निघाला. आमचं मैदान काळ्या मातीचं. एप्रिल-मेमध्ये त्याला अशा भेगा पडतात की बॉल अडवायला स्टॉपर लागत नाही, भेग पुरते. पहिला पाऊस झाला की एकेका बुटाला किलोभर चिखल. मग १९ वर्षांचा पोरगा आणि ४१ वर्षांचे काकाजी एकाच वेगानं पळतात. तेव्हा करार फक्त जून ते सप्टेंबरचा करावा, अशी तडजोड एकानं सुचवली. या गृहस्थांची उमेदीची वर्षं सहकारी सोसायटीत गेली आहेत.

आता असे पेच फक्त आमच्याच गावाला पडतात असं नाही. गोव्याला पडला होता, तोही ब्राझीलच्या भावानं. लुसिओ हा २००२चा विश्वचषक जिंकलेल्या ब्राझीलचा स्टॉपर. २०१०मध्ये इंटर मिलानकडून चॅम्पियन्स लीगही जिंकला. २०१५मध्ये तो एफसी गोवाकडे आला तेव्हा ३७ वर्षांचा होता, आणि प्रशिक्षक होते साक्षात झिको. साखळीत गोवा पहिला आला. २० डिसेंबरला फातोर्ड्यात चेन्नईयिनशी फायनल. ८७व्या मिनिटाला गोवा २-१ असा पुढे. ९०व्या मिनिटाला गोव्याच्याच गोलकीपरकडून बॉल आत गेला, आणि इंज्युरी टाइममध्ये मेंडोझानं तिसरा मारला. ३-२, खेळ खलास. बचावफळी नावाची गोष्ट वर्षभर ज्या चार-पाच मिनिटांसाठी पोसायची असते, नेमकी तीच मिनिटं.

पुढच्या वर्षी प्रश्न आला: लुसिओला परत घ्यायचं का? वय ३८. घेतलं. २०१६मध्ये आठ संघांत गोवा आठवा. यात एकट्या लुसिओला धरण्यात अर्थ नाही. आठव्या नंबरावर पोचायला अकराही जणांची मेहनत लागते.

ही हकिकत मी विरोधकांच्या हाती दारूगोळा म्हणून दिली होती. फुटला तो उलटा. “वर्ल्ड कप जितलेल्या मानसाले घेऊन गोवा आठवा आला, तं आपल्यावाल्याले नावं ठेवनारे आपन कोन?”

शिवाय समर्थकांनी मोबाईलवर उदाहरणं काढूनच ठेवली होती. सोल कॅम्पबेल. २००९मध्ये खालच्या डिव्हिजनच्या नॉट्स काउंटीकडे गेला, एक मॅच खेळला, हरला, निघाला. जानेवारी २०१०मध्ये ३५व्या वर्षी जुन्या आर्सेनलनं त्याला परत घेतलं, आणि पुढच्याच महिन्यात पोर्टोत त्यानं हेडरनं गोल केला. मॅच आर्सेनल हरलं, हे मात्र वाचून दाखवलं नाही. दुसरा थियागो सिल्वा. २०२४मध्ये ३९व्या वर्षी तो आपल्या जुन्या फ्लुमिनेन्सेकडे परतला तेव्हा टीम ब्राझीलच्या लीगमध्ये तळाला होती. वर्षअखेर तेरावी आली आणि २०२५च्या क्लब वर्ल्ड कपमध्ये थेट सेमीफायनलला गेली. विरोधकांकडे यावर उत्तर असेलही. पण त्या संध्याकाळी त्यांच्या सिमला रेंज नव्हती.

मला यातला फरक एवढाच दिसतो: आर्सेनलनं कॅम्पबेलला घेतलं ते अर्ध्या मोसमाची भोकं बुजवायला. आपल्याकडे म्हाताऱ्याला परत बोलावतात ते कुणाला तरी निवडायचं काम टळावं म्हणून.

कारण पोरगा आहे. नाही असं नाही. १९ वर्षांचा, डाव्या पायाचा, बाजाराच्या दिवशी बापाच्या दुकानावर बसणारा. समोरचा बॉल घेऊन अंगावर आला की हा बॉलकडे पाहत नाही, समोरच्याच्या कमरेकडे पाहतो. पाय दहा वेळा हुलकावणी देतील, पण कंबर वळल्याशिवाय माणूस वळत नाही. मी दोनदा मुद्दाम बांधावर उभं राहून पाहिलं. दोन्ही वेळा यानं बॉल काढून घेतला आणि फॉरवर्ड तसाच पुढे गेला, बॉल आपल्याजवळच आहे अशा समजुतीत.

पण या पोराला घेऊन हरलो तर बोल सिलेक्शन कमिटीवर येतो. काकाजींना घेऊन हरलो तर बोल वयावर जातो, आणि वय काही कमिटीत नाही. आमच्या गावाला वर्षाला ३९ लाख टन सिमेंट काढायची क्षमता असलेला कारखाना आहे. तरी गोलपोस्टपुढे उभी करायला नवी भिंत म्हणून सापडत नाही. जुनीलाच गिलावा करून घेऊ म्हणतात.

कमिटीला हसण्यात मात्र अर्थ नाही, कारण तिनं धडा थेट मुंबईहून घेतला आहे. जुलै २०२३मध्ये राज्य सरकारनं ठरवलं की जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या रिकाम्या जागांवर निवृत्त गुरुजींना कंत्राटावर घ्यायचं. महिना २० हजार, वयाची मर्यादा ७०. ज्यांना ५८व्या वर्षी ‘थकलात, घरी बसा’ म्हणून नारळ दिला, त्यांनाच ‘नारळ राहू द्या, खडू घ्या’ असा निरोप. त्याच वर्षी अभियोग्यता परीक्षा देऊन बसलेली डी.एड., बी.एड. पोरं पवित्र पोर्टलकडे डोळे लावून होती. गुरुजींचा यात दोष नाही. बोलावलं तर कोण नाही म्हणतं?

देशानंही तेच केलं. सुनील छेत्रीनं ६ जून २०२४ला निरोप घेतला, आणि मार्च २०२५मध्ये ४०व्या वर्षी त्याला परत बोलावलं. तो पुढे खेळणारा, पण पेच तोच. परतल्यावर पहिल्याच मॅचमध्ये मालदीवविरुद्ध गोलही केला. मोठा खेळाडू, वाद नाही. त्या मोसमात आयएसएलमधल्या भारतीयांत सगळ्यात जास्त गोल याचेच होते, म्हणजे बोलावलं यातही नवल नाही. नवल आहे ते बाकीच्यांचं. ऑक्टोबरमध्ये त्याच फातोर्ड्यात सिंगापूरनं २-१ हरवलं आणि आशिया कपचा दरवाजा बंद झाला. फातोर्ड्याची एकदा वास्तुशांत करून घ्यायला हवी.

मी एक मधला रस्ता सुचवून पाहिला. डेम्पोचा आणि भारताचा जुना स्टॉपर महेश गवळी बूट उतरवून प्रशिक्षक झाला, २० वर्षांखालच्या भारतीय पोरांना त्यानं शिकवलं. आपल्या काकाजींनाही तसंच शिकवायला ठेवा. तसंही कमरेकडे बघायचं त्या पोराला यांनीच शिकवलंय, बांधावर बसल्या बसल्या, बँडेज गुंडाळता गुंडाळता, फुकटात.

ठेल्यावर क्षणभर शांतता झाली. मग खर्रा घोटता घोटता कमिटीचे एक सभासद म्हणाले, “बराबर हाय भाऊ तुमचं. पन शिकवला, तं मंग खेळवा लागन नं त्याले!”

तेव्हा रविवारी ठराव झाला. काकाजींना एका मोसमासाठी परत घेण्यात येत आहे. ते पहिल्या हाफमध्ये खेळतील. दुसऱ्या हाफमध्ये ते उभे राहतील. कॉर्नरच्या वेळी त्यांना आवाज देऊन उठवण्याची जबाबदारी लेफ्ट बॅकची. आयोडेक्सचा खर्च टीम करील, नी-कॅप त्यांची त्यांनी आणायची. १९ वर्षांच्या पोराला ‘भविष्याचा विचार करून’ राखीव ठेवण्यात येत आहे. भविष्य कोणत्या साली सुरू होतं हे पुढच्या बैठकीत ठरेल.

गोलकीपर ५२ वर्षांचे आहेत. त्यांचा विषय पत्रिकेवर होता, पण घेतला नाही. बॉल आणि जाळी ज्या खोलीत ठेवतात, तिची चावी त्यांच्याकडे असते.