बेदाणे गेले कुठे?

(साताऱ्यातलं एक स्वयंपाकघर. फेब्रुवारीतली दुपार. ओट्यावर केक, त्यावर जाळीचं झाकण. सांगलीच्या विहीणबाई आताच एसटीनं आल्यात. पाय धुतले, पाणी प्यायल्या, पण पिशवी काही खाली ठेवत नाहीत.)

सातारा : ठेवा की ती पिशवी, विहीणबाई.

सांगली : राहू दे, जड नाही. वास कसला येतोय हा?

सातारा : केकचा. संध्याकाळी भिशी आहे आमच्याकडे.

सांगली : भिशीला केक? आमच्याकडं भडंग आणि चहा. पैसे उचलले की चालले घरी.

सातारा : ही पुस्तक-भिशी. जिचा नंबर लागेल तिनं एक रहस्यकथा सुचवायची. सगळ्यांनी वाचून यायचं. आणि त्या बाईनं पुस्तकाला शोभेल असं काहीतरी घरी भाजून ठेवायचं. विकतचं आणलेलं कळलं तर पुढचा हप्ता दुप्पट.

सांगली : रहस्यकथेला शोभेल असं म्हणजे काय? विष?

सातारा : काहीतरीच! अहो, अमेरिकेत अशा कादंबऱ्यांची वेगळी जातच आहे. कोझी म्हणतात. खून होतो, पण रक्तबिक्त अंगावर येत नाही. पोलीस नावाला. तपास करते कोण, तर बेकरीवाली. जोआन फ्लूकचं ‘चॉकलेट चिप कुकी मर्डर’ २००० साली आलं, त्यात डेअरीचा माणूस बेकरीच्या मागं गाडीतच मेलेला सापडतो.

सांगली : आई गं! आणि दूध?

सातारा : दुधाचं काय घेऊन बसलात! सांगायची गोष्ट ही, की मध्येमध्ये बिस्किटांच्या कृती छापलेल्या असतात. लोणी किती, साखर किती, किती मिनिटं भाजायचं. एका प्रकरणात प्रेत, दुसऱ्यात मैदा.

सांगली : म्हणजे ‘रुचिरा’त कुणीतरी मेल्यासारखं.

सातारा : शुभ बोला हो.

सांगली : ‘रुचिरा’बद्दल मी अशुभ बोलेन? कमलाबाई ओगले आमच्या कुंडलच्या! १९७० साली पुस्तक आलं आणि लग्न झालेल्या पोरींच्या ट्रंकेत साडीच्या घडीखाली जाऊन बसलं. सांगली जिल्ह्यानं महाराष्ट्राला जेवायला शिकवलं म्हणा.

सातारा : कमलाबाई जन्मल्या १९१३ साली. तेव्हा सांगली जिल्हा होता कुठं? १९४९ ला आमच्यातला तुकडा काढून दक्षिण सातारा केला, १९६० ला त्याचं नाव सांगली ठेवलं.

सांगली : तेव्हा कुंडल औंध संस्थानात होतं. तुमचंही नाही, आमचंही नाही. पंतप्रतिनिधींचं.

सातारा : बरोबर. आणि औंध आज कुठल्या जिल्ह्यात आहे हो?

सांगली : (जरा थांबून) पुस्तक कुठलं म्हणालात?

सातारा : अगाथा ख्रिस्तीचं. ‘अ मर्डर इज अनाउन्स्ड’, १९५० सालचं. मिस मार्पल म्हणून एक म्हातारी आहे. हातात कायम विणकाम आणि कान सगळ्या गावाकडं.

सांगली : अशी एक आमच्या गल्लीतही आहे. फक्त ती विणत नाही, शेंगा सोलते.

सातारा : तर गावच्या पेपरात जाहिरात येते, की शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला अमक्या बंगल्यात खून होणार आहे, मित्रमंडळींनी हेच आमंत्रण समजावं. आणि एकेक जण काहीतरी निमित्त काढून हजर!

सांगली : निमित्त कशाला पाहिजे? विश्रामबागेत असतं तर चपला काढायला जागा मिळाली नसती.

सातारा : इथं ‘ऐक्य’मध्ये छापून आलं असतं, तर शेजारणी दुपारीच आल्या असत्या. खुर्च्या आहेत का पुरेशा, विचारायला.

सांगली : आणि केक कुणाचा?

सातारा : त्या बंगल्यातली स्वयंपाकीण, मित्झी. निर्वासित होऊन आलेली, सतत रडणारी, पण हाताला चव अशी की विचारू नका. घरातल्या एका बाईच्या वाढदिवसाला ती चॉकलेटचा केक करते. त्याला नाव पडतं ‘डिलिशस डेथ’. चविष्ट मरणच म्हणा. लक्षात घ्या, लढाई संपून पाच वर्षं झाली तरी इंग्लंडात साखर, लोणी रेशनवर. आपण नाही का, बाहत्तरच्या दुष्काळात रांगेत उभं राहून मिलो आणला आणि त्याच्या लाल भाकरी खाल्ल्या? तशातली गत. मग अमेरिकेहून आलेला लोण्याचा डबा फोडतात आणि नाताळसाठी ठेवलेले बेदाणे काढतात.

सांगली : बेदाणे?

सातारा : हो.

सांगली : जपून ठेवलेले?

सातारा : हो... म्हणजे... पुस्तकात.

सांगली : बरं, बरं. बोला पुढं.

(व्याही आत येतात. चष्मा कपाळावर, हातात पिवळी पडलेली जुनी कादंबरी.)

व्याही : ताई, यांचं काही ऐकू नका. रहस्यकथा म्हणजे आमचे बाबूराव अर्नाळकर. हजाराच्या वर लिहिल्या. झुंजार काय, काळा पहाड काय! पण कुठं केकची कृती छापली नाही.

सातारा : हजार लिहायच्या म्हटल्यावर भाजायला वेळ कुठला?

व्याही : आणि तुमच्या त्या पुस्तकात खुनी कोण ते मला ठाऊक आहे.

सातारा : अहो, गप्प बसा!

व्याही : वाचनालयाच्या प्रतीत पहिल्याच पानावर कुणीतरी पेन्सिलनं लिहून ठेवलंय. खाली सहीसुद्धा आहे.

सातारा : लिहिणाऱ्याची सही, की खुन्याची?

व्याही : तेवढं रहस्य ठेवलंय बिचाऱ्यानं. (जाळीकडं हात नेतात. सातारा हातावर चापट मारते.)

सांगली : घरी भाजलंय म्हणालात ना? आमच्या लहानपणी घरी भाजलं म्हणजे बेकरीच्या भट्टीवर भाजून आणलं. मे महिन्यात तूप, साखर, मैदा डब्यात घालून आई निघायची, मी मागं. नानकटाई थापायची, पत्रे लावायचे आणि तिथंच मांडी घालून बसायचं. तुपाचा डबा नजरेआड करायचा नाही, अशी ताकीद. शेजारच्या काकूंनी आपल्या नानकटाईवर ओळखीला चारोळी लावलेली, आमच्यावर वेलदोड्याचा एक दाणा. भट्टीवाल्यानं पत्रे अदलाबदल केले तर? आई पहिली नानकटाई फोडायची, हुंगायची आणि म्हणायची, हे तूप आपलं नाही. आणि ते नसायचंच.

सातारा : म्हणजे घराण्यातच आहे तपास.

सांगली : आहेच. म्हणून म्हणते, आपल्याकडं हे असले खून जमायचे नाहीत.

सातारा : न जमायला काय झालं? ख्रिस्तीबाईंनी एका कादंबरीत मार्मलेडमधून, म्हणजे संत्र्याच्या सालीच्या मुरंब्यातून, विष घातलंय. त्यांना विषांची माहिती पक्की, पहिल्या महायुद्धात इस्पितळाच्या औषधखान्यात काम केलेलं. मार्मलेड मुळातच कडवट. आणखी थोडं कडू लागलं तर कळतंय कुणाला?

सांगली : इंग्रजाला कळत नसेल. आपल्याकडं पहिला घास नणंदेचा. ती विचारणार, साल जास्त किसलीय का? दुसरा घास जावेचा. ती म्हणणार, आमच्यात असं नसतं. तिसरा घास सासूबाईंचा. तोवर वाटी मोरीत. मरणार कोण?

व्याही : सासरे. त्यांना कुणी विचारत नाही, ते मुकाट खातात.

सातारा : पुढची भिशी आम्ही भिलारला करणार आहोत. देशातलं पहिलं पुस्तकांचं गाव, ४ मे २०१७ ला उद्घाटन झालं. वेल्समधल्या हे-ऑन-वायवरून घेतलेली कल्पना, पण आमची तऱ्हा निराळी. तिथं पुस्तकांची दुकानं, इथं लोकांच्या घरात पुस्तकं. ओसरीवर बसा, पाहिजे तेवढं वाचा, पैसे नाहीत. आणि बाहेर स्ट्रॉबेरीचं शेत. स्ट्रॉबेरीचा केक आणि खून, दोन्ही शोभतात.

सांगली : आमचं अंकलखोपही आता पुस्तकांचं गाव आहे म्हटलं! शेजारी औदुंबर, तिथं दर संक्रांतीला साहित्य संमेलन भरतं. खुनाला भिलारपेक्षा सोयीचं. कृष्णेचा डोह आहे.

सातारा : कृष्णा येते कुठून? आमच्या महाबळेश्वरातून.

सांगली : येऊ दे. प्रेत वाहून आमच्याकडंच येणार. तपास आम्हीच करणार.

सातारा : एवढी जीभ तयार असेल तर हा केक खाऊन सांगा बघू.

(जाळी उचलते. सुरी, ताटली. सांगली पिशवी मांडीवर घेते, एक तुकडा मोडते, हुंगते, डोळे मिटून खाते. व्याही खुर्ची पुढं ओढतात.)

सांगली : ओव्हन नाही. कुकरमध्ये मीठ पसरून वर भांडं ठेवलंय. वरून रंग नाही, खालून खरपूस.

सातारा : हे कुणीही सांगेल.

सांगली : मध्ये खळगा पडलाय. केक फुगत असताना कुणीतरी झाकण उघडलं. तुम्ही नव्हे, तुम्हाला कळतं. शिवाय कुकरच्या झाकणावर बोटाचे ठसे आहेत, तपकिरीच्या रंगाचे.

व्याही : वास आला म्हणून नुसतं पाहिलं हो.

सातारा : तरी म्हटलं, बसला कसा!

सांगली : कोको थोडाच. रंग आलाय, पण चव खव्याची, तीही भाजलेल्या. यात कंदी पेढा कुस्करलाय.

सातारा : (हळू) चार. कोको कमी पडला. भिशीत सांगू नका.

सांगली : नाही सांगत. लागतोय चांगला, तुमच्या त्या मित्झीला हे सुचलं नसतं. आता बेदाणे.

सातारा : चहा टाकू का?

सांगली : थांबा. (एक बेदाणा केकातून काढून खिडकीच्या उजेडात धरते.) काळपट आहे आणि देठ तसाच. हा तासगावचा नाही. आमच्याकडं द्राक्षं पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईलच्या पाण्यात बुडवून काढतात, मग शेडमध्ये जाळीवर सावलीत पंधराएक दिवस. उन्हात टाकलं की काळवंडतात, सावलीत हिरवट-पिवळे राहतात. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला जीआय मानांकन मिळालं ते उगीच नाही. माझा सख्खा भाऊ शेडवाला आहे. मला काळा बेदाणा खपवताय?

सातारा : कोपऱ्यावरच्या दुकानातून आणले. घाईत.

सांगली : घाईत का? दिवाळीला मी दोन किलो पाठवले होते. हिरवे. ते गेले कुठं?

सातारा : अहो, पाहुणे, पोरं, शिरा, तिळाच्या वड्या...

सांगली : तिळाच्या वड्यांत बेदाणे?

व्याही : आमच्यात असतात. (सातारा डोळे वटारते.) म्हणजे, नसतात.

सांगली : तर मग सांगते. संक्रांतीला आमच्या शेजारणीनं मला वाण दिलं, एक पिशवी बेदाण्याची. तिला दिली तिच्या कराडच्या बहिणीनं. आणि तिची कराडची बहीण म्हणजे कोण?

व्याही : आपल्या कराडच्या ताईच्या सासूबाई की!

सातारा : तुम्हाला कुणी विचारलं?

सांगली : (पिशवीतून पिशवी काढून ओट्यावर ठेवते) हे पिवळं रबर माझ्या दुधाच्या पिशवीचं. ही गाठ माझी. माझे बेदाणे सांगलीहून सातारा, साताऱ्याहून कराड, कराडहून परत सांगली फिरले. एसटीचा पास काढला असता तर स्वस्त पडलं असतं.

(शांतता. कुकरच्या झाकणाकडं सगळे बघतात.)

सातारा : झालं बोलून? आता मी बोलू? पिशवी उघडली तेव्हा आत एक चिठ्ठी होती.

सांगली : कसली चिठ्ठी?

सातारा : तुमच्या भावाची. अक्षर सुरेख आहे हो त्यांचं.

सांगली : ...काय लिहिलं होतं?

सातारा : ‘अक्का, यंदा माल बारीक निघाला. घरात वापरू नकोस, पाहुण्यांत वाटून टाक.’ जपून ठेवलीय. ‘रुचिरा’त. काढू?

सांगली : नको. ‘रुचिरा’त अशी कागदं कोंबू नयेत, शिवण उसवते.

सातारा : मग मीही पाहुण्यांतच वाटले. चिठ्ठीत लिहिलं होतं तसं.

व्याही : म्हणजे खुनी दोन. हे अर्नाळकरांनाही...

दोघी : तुम्ही बाहेर बसा!

(व्याही एक तुकडा उचलून बाहेर जातात. दोघी पिशवीकडं बघत बसतात.)

सांगली : बारीक आहेत खरे. पण गोड आहेत.

सातारा : गोडच आहेत. यांचं आता करायचं काय?

सांगली : भिशीला कोण कोण येणार?

सातारा : बारा जणी. गोडोलीहून एक येतात. पुढचा नंबर त्यांचा, आणि दरवेळी माझ्या पदार्थाला नावं ठेवतात.

सांगली : त्यांचं सांगलीत कुणी आहे?

सातारा : माहेर फलटणचं.

सांगली : कराडात?

सातारा : कुणी नाही.

सांगली : मग द्या. चांगली पिशवी काढा एखादी, रबर बदला. आणि थांबा, कराडकरणीनंही आत एखादी चिठ्ठी टाकलीय का ते आधी बघा.